एफसिंकचा कोड सोपा करायचा म्हणजे काय करायचं

तर एफसिंक, म्हणजे फाइलचा डेटा खरोखर डिस्कवर पोचवायला सांगणारा सिस्टिम कॉल, काय करतं हे आधी पटकन बघू, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. तुमच्या प्रोग्रामने राइट केलं की डेटा पेज कॅशमध्ये जातो, म्हणजे रॅममध्येच, डिस्कवर नाही. एफसिंक आधी ती डर्टी पेजेस, म्हणजे बदललेली पण डिस्कवर न गेलेली, लिहायला पाठवतं आणि ती संपेपर्यंत थांबतं, मग आयनोड (फाइलबद्दलची माहिती ठेवणारी नोंद) किंवा जर्नलचं (बदल आधी टिपून ठेवायची वही) कमिट, आणि शेवटी डिस्कच्या स्वतःच्या कॅशला फ्लश. हा क्रम मोडला तर वीज गेल्यावर फाइल अर्धवट सापडते, आणि तुमच्या कोडला तर शून्य परत आलेलं असतं की सगळं नीट झालं!

आता लिनक्समध्ये या कामासाठी बरीच वर्षं एक कॉमन हेल्पर, म्हणजे अनेक फाइलसिस्टिम्सना वापरता येणारं तयार फंक्शन होतं, जेनेरिक फाइल एफसिंक, आणि तो हेल्पर आत आयनोडचं लॉक (एका वेळी एकालाच आत येऊ देणारं कुलूप) घ्यायचा. दिसायला निरुपद्रवी. पण २०१९ मध्ये एक्स्ट४ या फाइलसिस्टिमचं डायरेक्ट आयओ (पेज कॅश टाळून थेट डिस्कशी लिहिणं-वाचणं) आयओमॅप या कर्नलमधल्या सामायिक कोडवर न्यायचं ठरलं तेव्हा तिथे सिंक राइट संपताना एफसिंक व्हायचं तेच मुळी लॉक हातात असताना, म्हणजे जे लॉक आपणच धरलंय तेच परत मागायचं, झालं, डेडलॉक, काम कायमचं अडकलं. मग एक्स्ट४ ने तो हेल्पर सोडला, आणि ते करताना जर्नल असलेल्या आणि नसलेल्या फाइलसिस्टिमसाठी अशी दोन वेगळी फंक्शन्स केली. मला हा बदल फार आवडतो, कारण एकाच फंक्शनमध्ये इफ आणि गोटू करत दोन्ही रस्ते गुंफलेले असले की कुठला फ्लश कोणासाठी आहे हे वाचणाऱ्याला कळतच नाही. पुढे २०२३ मध्ये एक्स्ट२ या जुन्या फाइलसिस्टिमलाही तीच अडचण आली तेव्हा लॉक न घेणारा हेल्पर कर्नलच्या सामायिक बफर कोडमध्ये आला आणि दोघांनी तो वापरला. ओळी कमी झाल्या हे ठीकच, पण खरं काम झालं ते नको असलेलं लॉक गेल्याचं.

एरर मात्र सांभाळा बरं का. पूर्वी राइटबॅकची, म्हणजे पेजेस डिस्कवर लिहितानाची, एरर एका फ्लॅगमध्ये असायची, जो पहिला विचारेल त्याला मिळायची आणि फ्लॅग पुसला जायचा, दुसऱ्या प्रोसेसला वाटायचं सगळं छान. २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ पासून प्रत्येक उघडलेली फाइल आपण शेवटची एरर कुठपर्यंत पाहिली याची खूण ठेवते. तरीही २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना कळलं की फेल झाल्यावर परत एफसिंक केलं तर ते यशस्वी म्हणतं, कारण पेज आधीच क्लीन मानलं गेलेलं असतं. आता पोस्टग्रेस अशा वेळी सरळ क्रॅश होऊन आपल्या बदलांच्या लॉगमधून रिकव्हर करतो.

म्हणून माझं सांगणं, एफसिंकमधली प्रत्येक रिटर्न व्हॅल्यू बघा. मधल्या पायरीची एरर पुढच्या पायरीच्या यशाने झाकली गेली की कोड सुटसुटीत दिसतो आणि डेटा गेलेला असतो. आणि पॅच पाठवायच्या आधी डीएम-फ्लेकी, म्हणजे मुद्दाम बिघडणारी आभासी डिस्क, लावून मध्येच राइट्स गायब करून टेस्ट चालवा, नुसतं कंपाइल झालं म्हणून पाठवू नका.