बॉट कुणाच्या मामाला ओळखत नाही

रात्री एक-दीडला सांगलीत विश्रामबागमधल्या कुठल्याही हॉस्टेलवर बघा, निम्म्या खोल्यांत मोबाईल चालूच. बरंचसं रील्सच असतं म्हणा. पण मधेच कोणतरी चॅटजीपीटीला लिहित असतं, झोप येत नाहीये, दोन विषय राहिलेत, घरी काय सांगू. थेरपी वगैरे म्हणत नाय कोण, ‘जरा बोललो त्याच्याशी’ एवढंच.

का, असं विचारलं की पोरं मशीनचं कौतुक करत नाहीत, गावाबद्दल बोलायला लागतात. सांगली मोठी झाली तरी गावच की, शेजारी मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पण मानसोपचारवाल्याकडं वेटिंगला बसलं की शेजारी कोण निघेल सांगता येत नाही, मामाच्या ओळखीचा कंपाउंडर, नाहीतर आत्याची शेजारीण, आणि मग संध्याकाळच्या आत तासगावला घरी फोन गेलेला असतो. बॉट कुणाच्या मामाला ओळखत नाही. त्याला मार्क मिळालेत ते एवढ्यावरच.

हे तसं जुनंच आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउमनं एलायझा नावाचा प्रोग्राम केला, तो आपलंच वाक्य फिरवून आपल्यालाच प्रश्न विचारायचा, बाकी डोकं काही नाही. त्याच्या सेक्रेटरीला हे सगळं माहीत होतं, तरी दोन-चार वाक्यं टाईप केल्यावर तिनं साहेबालाच खोलीबाहेर जायला सांगितलं!

पण आत्याच्या शेजारणीपासून लपवलेलं आता कंपनीच्या सर्व्हरवर जातंय, हे पोरांच्या डोक्यात फारसं येत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचा प्रमुख सॅम ऑल्टमन २०२५ मध्ये स्वतःच बोलला की डॉक्टर-वकिलाशी बोलण्याला जसं कायद्याचं संरक्षण असतं तसं चॅटला नाही. उलट ज्या डॉक्टरला पोरं घाबरतात, त्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्तता पाळावीच लागते. आता वेटिंगमधल्या शेजारणीला कुठला कायदा लावणार, तेही खरंच.

आणि बॉटची होला हो करायची खोड. एप्रिल २०२५ मध्ये तर चॅटजीपीटी इतकं गोड बोलायला लागलं की कंपनीला अपडेट मागं घ्यावं लागलं. मैत्रीण निदान शिव्या तरी घालते, जेवलीस का विचारते.

सरकारची टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीत पण. नंबर सांगितला की पोरं लिहून घेतात, आणि पहिला प्रश्न येतो, ‘उचलणारा सांगलीचाच नसेल ना?’