निवडक गाणी निवडतं कोण?

मंडळी, ज्या रेकॉर्ड्सकडे बघून दर्दी लोक नाक मुरडतात त्यांच्याबद्दल आज बोलायचंय. 'बेस्ट ऑफ सेव्हन्टीज', 'रॉक क्लासिक्स', 'लव्ह साँग्ज भाग तिसरा' असली शीर्षकं, कव्हरवर सूर्यास्त नाहीतर गिटार, आणि आत वीस जणांची वीस गाणी. खरं सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी इंग्रजी गाणी ऐकायला सुरुवात केली ती अख्ख्या अल्बमपासून? इंपोर्टेड एलपी (त्या मोठ्या तबकड्या) परवडायचे कोणाला? मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानातल्या बूथमध्ये उभं राहून फुकट ऐकायचं आणि घरी नेताना एक निवडक गाण्यांची कॅसेट न्यायची, नाहीतर गल्लीतल्या कॅसेटवाल्याला कागदावर यादी लिहून द्यायची, तो नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा, आणि शेवटचं गाणं हमखास अर्ध्यात तुटायचं. तर ही आपली शाळा. त्या शाळेचा अभ्यासक्रम कोणी ठरवला, हा आजचा विषय.

माझं म्हणणं थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. जुन्या रॉक-पॉपमधलं 'क्लासिक' काय हे आपल्याला वाटतं तसं काळाने वगैरे ठरवलेलं नाही. ते बऱ्याच अंशी हक्कांचे करार करणाऱ्यांनी, टीव्हीवर तवे विकणाऱ्यांनी आणि एलपीच्या एका बाजूला किती मिनिटं मावतात या हिशेबाने ठरवलंय.

तवे म्हटलं ते गंमत म्हणून नाही हं. केटेल नावाची कंपनी, कॅनडातल्या विनिपेगची, मालक फिलिप काइव्हज. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, १९६२ च्या सुमारास टीव्हीवर लांबलचक जाहिराती करून नॉनस्टिक तवे आणि भाजी चिरायची यंत्रं विकायचा. १९६६ मध्ये त्याला वाटलं की तवा विकता येतो तर गाणी का नाही, आणि त्याने पंचवीस कंट्री गाण्यांची एक रेकॉर्ड तशीच ओरडून ओरडून विकली. ती धावली. मग पोल्का, मग पॉप, मग रॉक, मग डिस्को. १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांची 'ट्वेंटी डायनॅमिक हिट्स' थेट अल्बमच्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली. कंपनीकडे स्वतःचा एक गायक नाही, स्टुडिओतला बँड नाही, सगळा माल दुसऱ्यांकडून परवानगीने आणलेला.

आता यातली ग्यानबाची मेख बघा. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं आरामात मावतात. त्याच्यापुढे गेलात की खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, म्हणजे आवाजाची पातळी खाली आणायची, बास कमी करायचा. आणि सुई जसजशी मधल्या लेबलाकडे सरकते तसतशी तीच एक फेरी कमी लांबीत बसवायची असते, त्यामुळे तिथलं गाणं आणखी घोगरं वाजतं. केटेलवाले एका बाजूला दहा-दहा, कधी बारा गाणी कोंबायचे. मग करायचं काय? गाणी कापायची. सुरुवातीचा गिटारचा तुकडा छाटा, मधला सोलो उडवा, दुसऱ्या कोरसनंतर फेड, म्हणजे आवाज हळूहळू उतरवत बंद, करून टाका. अमेरिकेत, कॅनडात हजारो पोरं ही कापलेली गाणीच पाठ करून मोठी झाली, आणि पुढे मूळ गाणं रेडिओवर लागलं की त्यांना वाटायचं, हे मध्येच काय भलतंच सुरू झालं! मला स्वतःला हा प्रकार ऐकायला अजिबात आवडत नाही, आवाज अगदी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण त्या पोरांची स्मरणशक्ती खोटी म्हणायची का? त्यांच्यासाठी तेच गाणं होतं.

थोडं मागे जातो, कारण 'जुनी गाणी' ही वस्तू विकता येते हा शोध काइव्हजचा नाही. तो लॉस एंजेलिसच्या आर्ट लबो नावाच्या रेडिओवाल्याचा. त्याच्या कार्यक्रमाला तरुण पोरं-पोरी यायची, फोनवरून आपल्या माणसासाठी गाण्याची फर्माईश करायची, त्यात मेक्सिकन वस्त्यांमधली मुलं पुष्कळ. आणि त्याच्या लक्षात आलं की लोक नव्या गाण्यांपेक्षा दोन-चार वर्षांपूर्वीचीच गाणी पुन्हापुन्हा मागतायत. १९५९ मध्ये त्याने वेगवेगळ्या छोट्या कंपन्यांकडून परवानग्या गोळा केल्या आणि 'ओल्डीज बट गुडीज' काढलं. एका बाजूला हळू, बिलगून नाचायची गाणी, दुसऱ्या बाजूला उडती. तीन वर्षांच्या वर ते अमेरिकन यादीत टिकून होतं. आणि ही 'जुनी' गाणी किती जुनी? बरीचशी पाच वर्षांच्या आतली! म्हणजे स्मरणरंजन सुरू व्हायला केस पांढरे व्हावे लागत नाहीत, शाळा सुटली की पुरे. हा लबो २०२२ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेला आणि शेवटपर्यंत रेडिओवर फर्माइशी घेत होता. आपल्याकडे अमीन सयानींना ऐकत मोठ्या झालेल्यांना हा माणूस लगेच कळेल.

आता हक्कांचं. १९८३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये व्हर्जिन आणि ईएमआय या दोन कंपन्यांनी मिळून 'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक' काढलं. हे नाव आलं एका जुन्या बेकनच्या जाहिरातीच्या पोस्टरवरून, त्यात एक डुक्कर गाणाऱ्या कोंबडीचं कौतुक करतंय; ते पोस्टर व्हर्जिनच्या रिचर्ड ब्रॅन्सनने आपल्या चुलतभावाला ऑफिसात लावायला दिलेलं. दोन एलपी, तीस गाणी, त्यातली अकरा पहिल्या नंबरावर जाऊन आलेली. वर्षभराचा सगळा हिशेब एका पाकिटात असं वाटतं ना? पण त्या वर्षी इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरावर मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' होतं, पोलीसचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' होतं, ती दोन्ही यात नाहीत. दुसऱ्या कंपन्यांची. आणि त्या दुसऱ्या कंपन्या काय गप्प बसतात होय, पुढच्याच वर्षी सीबीएस आणि डब्ल्यूईए यांनी एकत्र येऊन 'द हिट्स अल्बम' काढलं आणि 'नाऊ'च्या चौथ्या भागाला पहिल्या नंबरावर जाऊच दिलं नाही. म्हणजे १९८४ चा इतिहास दोन दुकानांत वाटून विकायला ठेवलेला. या असल्या संग्रहांनी नंतर इतका धुमाकूळ घातला की १९८९ च्या जानेवारीत इंग्लंडने त्यांची यादीच वेगळी केली, नाहीतर खऱ्या बँडच्या अल्बमला वर जागाच मिळेना. आणि बीटल्स? ते या असल्या मिसळीत क्वचितच सापडायचे. त्यांची निवड बहुतेक त्यांच्याच नावाने विकली जाते.

एकाच कलाकाराच्या संग्रहात तर निवडणाऱ्याचा हात आणखी स्पष्ट दिसतो. जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला. तीन वर्षांनी आयलंड कंपनीच्या डेव्ह रॉबिन्सनने 'लेजंड' काढायचं ठरवलं तेव्हा त्याने आधी लोकांना विचारून पाहिलं की मार्ली तुम्हाला कसा हवा. उत्तर आलं ते साधारण असं की गाणी गोड हवीत, क्रांती, त्याचा रास्ताफारी पंथ, गुलामीचा इतिहास हे जरा बेताने. मग निवड तशी झाली, कव्हरवरचा फोटोही शांत, विचारात गढलेला. एकट्या अमेरिकेत दीड कोटींच्या वर प्रती. जगाला माहीत असलेला मार्ली हा त्या सर्व्हेतून आलेला मार्ली आहे, आणि तो खोटा नाहीये, गाणी त्याचीच आहेत, पण किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीतून आलेला रागीट माणूस शोधायचा तर तुम्हाला त्या संग्रहाच्या बाहेरच पडावं लागतं. मला हे थोडं खुपतं, आणि तरीही मी ती रेकॉर्ड विकलेली नाही.

क्वीनचं बघा. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, तिथेच 'हेक्टिक्स' नावाच्या पोरांच्या बँडमध्ये पियानो बडवणारा फारुख बलसारा, पुढे फ्रेडी मर्क्युरी, त्याच्या बँडचं १९८१ चं 'ग्रेटेस्ट हिट्स' हा इंग्लंडमधला आजवरचा सगळ्यात खपलेला अल्बम, सत्तर लाखांच्या वर. पण तो जगभर एकसारखा नव्हताच! ज्या देशात जे गाणं चाललं ते त्या देशाच्या प्रतीत. अमेरिकेतल्या प्रतीत डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' होतं, इंग्लंडच्या प्रतीत नव्हतं. ईगल्स या अमेरिकन बँडचा १९७६ चा संग्रह २०१८ पर्यंत अमेरिकेत ३८ वेळा प्लॅटिनम ठरला (एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती), पण त्यात त्यांचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाही, कारण ते तेव्हा आलंच नव्हतं. दर वेळी कोणीतरी मला विचारतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

उलट दिशेने जाणारा एक संग्रह सांगायलाच हवा. १९७२ मध्ये लेनी के नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या, रॉकवर लिहिणाऱ्या पोराला इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीच्या जॅक होल्झमनने सांगितलं की विसरलेली चांगली गाणी गोळा कर. त्याने 'नगेट्स' केलं, सत्तावीस गाणी, सगळी १९६५ ते ६८ मधल्या गॅरेजमध्ये वाजवणाऱ्या, एखादं हिट देऊन गायब झालेल्या बँडची. सुरुवातीला फारसं खपलं नाही. पण सोबतच्या मजकुरात त्याने 'पंक रॉक' असा शब्दप्रयोग केला, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये, लंडनमध्ये जे पंक, म्हणजे साधं, खरखरीत, रागीट रॉक, झालं त्यातल्या पुष्कळांनी ही रेकॉर्ड घोटून प्यायलेली होती. स्वतः लेनी के न्यूयॉर्कच्या पंक गायिका पॅटी स्मिथच्या बँडमध्ये गिटारला बसला. केटेलने लोकांना माहीत असलेलंच पुन्हा विकलं, याने माहीत नसलेलं विकलं. फरक निवडणाऱ्याच्या कानाचा.

शेवटी जुन्या बाजारात खरेदी करणाऱ्यांसाठी एक. कव्हरवर मोठ्या अक्षरात 'ओरिजिनल आर्टिस्ट्स' लिहिलेलं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचा. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे अडकलेले असतात, म्हणून तोच गायक वीस वर्षांनी स्वस्तात तेच गाणं पुन्हा गाऊन देतो, आवाज थकलेला, ड्रम सिंथेसायझरचे. त्याहून खालची पायरी म्हणजे भलत्याच माणसाने गायलेली नक्कल. इंग्लंडमध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स' नावाच्या अशा स्वस्त रेकॉर्ड्स निघायच्या, १९७१ मध्ये काही महिने त्या मुख्य यादीत धरल्या तर त्यातल्या दोन पहिल्या नंबरावर गेल्या, मग घाबरून नियमच बदलला. अशा स्वस्त नकलांमध्ये नाव होण्याआधी एल्टन जॉनही गायलाय. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या व्हर्जनच्या सवलतीवर (म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्या आवाजात पुन्हा रेकॉर्ड करायची मुभा) टीसिरीजने तेच केलं आणि सोनू निगम रफींची गाणी गात घरोघरी पोचला. तेव्हा नक्कल दिसली म्हणून लगेच फेकू नका, आधी गाणारा कोण ते बघा. मागे रेकॉर्डिंगचं साल वेगळं दिलंय का, तेही बघा. गाणं १९६४ चं आणि साल १९८५ चं असेल तर अर्ध्या किमतीला मागा, देतात.