इंटरप्रिटरच्या खालचा थर

पायथन, लुआ किंवा पीएचपीमध्ये लिहिलेला प्रोग्राम आपण चालवतो, तेव्हा त्याच्या ओळी वाचून अमलात आणणारा इंटरप्रिटर हा बहुधा स्वतः सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम असतो. फाइल उघडणे, मेमरी मागणे, संख्येचा मजकूर करणे, थ्रेड (एकाच प्रोग्राममधला समांतर चालणारा धागा) सुरू करणे ही कामे तो सी लायब्ररीकडून करवून घेतो. ही लायब्ररी मात्र सगळीकडे एक नाही. बहुतेक लिनक्स वितरणांत जीलिबसी (ग्नू प्रकल्पाची सी लायब्ररी) असते, अल्पाइन लिनक्सने २०१४ मध्ये मसल स्वीकारली, अँड्रॉइडमध्ये बायॉनिक आहे, विंडोजवर मायक्रोसॉफ्टची युनिव्हर्सल सी रनटाइम आहे, आणि मॅकओएस व बीएसडी प्रणालींची आपापली लायब्ररी आहे. फंक्शनांची नावे बहुतांशी सारखीच असतात. वागणूक सारखी असेल, याची हमी कोणी दिलेली नाही.

साध्या दशांश अपूर्णांकापासून सुरुवात करू. मजकुरातून संख्या वाचणारे स्ट्रटॉड हे फंक्शन दशांश चिन्ह कोणते मानायचे, ते चालू लोकेलवरून, म्हणजे निवडलेल्या भाषा-प्रदेशाच्या लेखन-संकेतांवरून, ठरवते. जर्मन लोकेलमध्ये ते चिन्ह स्वल्पविराम असते. म्हणून एखाद्या मोठ्या प्रोग्रामच्या पोटात बसवलेल्या इंटरप्रिटरने ३.१४ वाचायला घेतले आणि त्या प्रोग्रामने आधीच लोकेल बदललेले असले, तर वाचन ३ पाशीच थांबते. लुआचा कोड अशा वेळी लोकेलचे चिन्ह विचारून घेतो आणि पूर्णविरामाच्या जागी ते घालून पुन्हा वाचून पाहतो. पायथनने अधिक दूरचा मार्ग धरला: २००९ च्या ३.१ आवृत्तीपासून डेव्हिड गे यांचा संख्या-रूपांतराचा कोड त्याने स्वतःसोबतच आणला. त्यामुळे ०.१ ही संख्या आता ०.१ अशीच छापली जाते. त्याआधी तिच्या जागी सतरा अंकांची लांबलचक शेपटी दिसत असे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या रनटाइमवर घातांक तीन अंकी छापला जाई, त्यामुळे एकाच प्रोग्रामचे उत्तर विंडोजवर आणि लिनक्सवर वेगळे दिसे.

यादृच्छिक संख्यांचीही हीच गोष्ट होती. लुआ ५.३ पर्यंत त्या सी लायब्ररीकडूनच येत, म्हणून तेच बीज (क्रमाची सुरुवात ठरवणारी संख्या) दिले तरी दोन यंत्रांवर दोन वेगळे क्रम मिळत. २०२० च्या ५.४ आवृत्तीत लुआने स्वतःचा जनित्र-कोड घातला. जे वर्तन भाषा वापरणाऱ्याच्या डोळ्यांना दिसते, ते भाषेने स्वतःच्या हातात ठेवावे, हे मला या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे तत्त्व वाटते. त्यासाठी काही हजार ओळी जास्त सांभाळाव्या लागल्या, तरी तो खर्च योग्यच आहे.

सगळेच असे हातात ठेवता येत नाही. त्रुटीचा क्रमांक घेऊन तिचे वर्णन देणाऱ्या स्ट्रएरर-आर या फंक्शनकडे पाहा. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकानुसार ते आपण दिलेल्या बफरमध्ये (मेमरीतल्या राखून ठेवलेल्या जागेत) वर्णन लिहिते आणि यश की अपयश हे सांगणारा पूर्णांक परत करते. जीलिबसीमध्ये ग्नूची विस्तारित वैशिष्ट्ये चालू असली, तर त्याच नावाचे फंक्शन मजकुराचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत करते, आणि आपल्या बफरला ते हात लावेलच असे नाही. मसलमध्ये फक्त पॉझिक्सचे रूप आहे. आता लिनक्स म्हणजे ग्नूचे रूप, असे धरून लिहिलेला कोड मसलवर नेला, की यशाचा शून्य हाच मजकुराचा पत्ता समजला जातो आणि इंटरप्रिटर कोसळतो. तेही नेमके त्रुटीचा संदेश छापताना, म्हणजे तो संदेश सर्वांत जास्त हवा असतो त्या क्षणी. उलट दिशेने चूक झाली, तर कोसळणे टळते, पण न भरलेल्या बफरमधला निरर्थक मजकूर संदेश म्हणून बाहेर पडतो.

अशा वेळी पहिला विचार येतो तो लायब्ररी ओळखण्याचा: ही मसल असेल तर असे करा, जीलिबसी असेल तर तसे. मसलच्या निर्मात्यांनी स्वतःची ओळख सांगणारा मॅक्रो (कोड बांधताना तपासता येणारे नाव) जाणूनबुजून ठेवलेला नाही, आणि माझ्या मते त्यांचे बरोबर आहे. नावावरून बांधलेला अंदाज आजच्या आवृत्तीपुरता खरा असतो. उद्या लायब्ररी सुधारली, तरी कोडमधला तो अंदाज तसाच राहतो. त्याऐवजी बांधणीपूर्वी चालणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टने एक छोटा तुकडा कंपाइल करून (यंत्राच्या भाषेत बदलून) पाहावा: या फंक्शनने परत दिलेले मूल्य पॉइंटर म्हणून वापरता येते का? अशा स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फमध्ये स्ट्रएरर-आरसाठी ही चाचणी तयारच आहे. ती नुसती कंपाइल करूनच निकाल देऊ शकते, हे विशेष महत्त्वाचे, कारण एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी बांधणी करताना चाचणीचा प्रोग्राम चालवून पाहण्याची सोयच नसते.

काही फरक कंपाइलरला दिसतच नाहीत. मसलमध्ये नव्या थ्रेडला न मागता मिळणारा स्टॅक (चालू कॉलांची माहिती ठेवणारी मेमरी) १२८ किलोबाइटांचा असतो. जीलिबसीवर तो सामान्यतः ८ मेगाबाइटांचा असतो. एकात एक कॉल किती खोलवर जाऊ द्यायचे, याची मर्यादा इंटरप्रिटर मोजतो ती बहुधा कॉलच्या संख्येत, बाइटांत नव्हे. त्यामुळे जो पुनरावर्ती (स्वतःच्याच फंक्शनला पुन्हा पुन्हा बोलावणारा) प्रोग्राम एरवी सहज पार पडतो, किंवा मर्यादा ओलांडल्याची नीट त्रुटी देतो, तोच अल्पाइनवर थ्रेडमध्ये कोणताही संदेश न देता मरू शकतो. थ्रेड निर्माण करतानाच स्टॅकचा आकार स्पष्ट मागावा, हा उपाय एका ओळीचा आहे; कारण सापडेपर्यंतचा शोध मात्र लांबचा असतो.

कंपाइल केलेली फाइल दुसरीकडे नेतानाही अडथळे येतात. जीलिबसी आपल्या फंक्शनांना आवृत्तीची खूण जोडते, म्हणून नव्या प्रणालीवर बांधलेली फाइल जुन्या प्रणालीवर अनेकदा सुरूच होत नाही. पायथनने २०१६ मध्ये मेनीलिनक्स हा संकेत ठरवून सेंटओएस ५ मधल्या २.५ या जुन्या जीलिबसीवर बांधणी करण्याची रीत घालून दिली. मसलसाठीचा मसललिनक्स हा संकेत २०२१ मध्ये आला. तोवर अल्पाइनवर सीमध्ये लिहिलेली बहुतेक विस्तार पॅकेजे मूळ कोडपासून बांधून घ्यावी लागत.

चाचण्यांचा संचही या फरकांसाठी तयार करावा लागतो. टर्मिनल नसलेल्या फाइलवर टर्मिनलची क्रिया केली, तर जीलिबसी आणि मसल एकच त्रुटी देतात, पण तिचे इंग्रजी वर्णन दोघींचे वेगळे असते. वर्णनाचा मजकूर जुळवून पाहणारी चाचणी अल्पाइनवर नापास होते आणि इंटरप्रिटर निर्दोष असूनही दोषी दिसतो. तेथे चाचणीने त्रुटीचे सांकेतिक नाव किंवा अपवादाचा प्रकार तपासायला हवा. पायथनच्या ३.३ आवृत्तीने फाइल न सापडणे, परवानगी नसणे अशा त्रुटींना स्वतंत्र अपवाद-वर्ग दिले, तेव्हापासून सामान्य प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही खाली कोणती लायब्ररी आहे याचा विचार न करता अशा त्रुटी हाताळता येऊ लागल्या.