वडील युद्धात नेमके कुठे होते?

आज मी जर्मनीतल्या मुलींविषयी बोलणार आहे. मुली म्हणजे आता सत्तरी-ऐंशीला आलेल्या बायका. दुसऱ्या महायुद्धात वडील 'रशियात होते' आणि 'त्याबद्दल कधी बोलत नसत', एवढ्या दोन वाक्यांवर त्यांचं बालपण गेलं. आई-वडील गेल्यावर घर आवरताना काहीतरी हाती लागतं आणि शोध सुरू होतो. कागद बऱ्याचदा मिळतात, घोटाळा होतो तो वाचताना. म्हणून प्रत्येक कागदाला आधी विचारायचं: तू कधी लिहिला गेलास, आणि कुणासाठी?

सुरुवात बिल्ल्यापासून करू. सैनिकाच्या गळ्यातला हा लंबगोल बिल्ला मधोमध चिरा पाडलेला असतो. माणूस मेला की अर्धा तोडून न्यायचा, अर्धा प्रेताबरोबर ठेवायचा. त्यावर कोरलेली तुकडी हीच वडिलांची तुकडी, असं बहुतेक जण धरून चालतात आणि पहिलं पाऊल तिथेच चुकतं. बिल्ला बहुधा भरतीच्या वेळी, प्रशिक्षण देणाऱ्या राखीव तुकडीत मिळायचा. पुढे माणूस तीन आघाड्या फिरला तरी बिल्ला सहसा तोच राहायचा. पत्रांवरच्या पाच आकडी फेल्डपोस्ट, म्हणजे लष्करी टपालाच्या, क्रमांकाचंही तसंच आहे. तोच क्रमांक नंतर दुसऱ्या तुकडीला दिला गेलेला असू शकतो, म्हणून पाकीट फेकू नका. क्रमांक पत्राच्या तारखेसोबतच वाचायचा.

सोल्डबुख, म्हणजे सैनिकाच्या खिशातली पुस्तिका, हाती आली तर ती सावकाश वाचा. तिच्यात तुकड्या, इस्पितळातले मुक्काम आणि रजा यांच्या नोंदी असतात. रजेच्या पानाकडे कुणी फारसं बघत नाही. एखाद्या भावंडाच्या जन्मतारखेपासून साधारण ३८ आठवडे मागे जा आणि त्या सुमारास वडील घरी होते का ते ताडून पाहा. नव्हते, तरी लगेच निष्कर्ष काढू नका. मूल वेळेआधी जन्मलेलं असू शकतं, रजेची नोंद राहून गेलेली असू शकते. आईवर आरोप करण्याइतका पुरावा हा नव्हे; पुढे कुठे शोधायचं एवढंच तो सांगतो.

घरातले कागद संपले की बर्लिनला लिहायचं. सैनिकांच्या नोंदी सांभाळणारं जुनं कार्यालय २०१९ पासून संघीय अभिलेखागारात, म्हणजे बुंडेसआर्किवमध्ये, विलीन झालं आहे. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव द्या. जन्मतारखेशिवाय म्युलर किंवा श्मिट यांसारखं सर्रास आढळणारं आडनाव शोधणं व्यर्थ आहे. मृत्यूचा दाखला जोडा, कारण व्यक्तीविषयीचे कागद साधारणपणे मृत्यूनंतर १० वर्षांनी खुले होतात आणि मृत्यूची तारीख माहीत नसेल तर जन्मापासून १०० वर्षं मोजतात. उत्तराला महिनोन् महिने लागतात. 'वैयक्तिक फाइल नाही' असं कळलं तर कुणी लपवलं असं समजू नका. पॉट्सडामच्या लष्करी अभिलेखागारातले असंख्य कागद एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले.

तुकडी आणि तारखा कळल्या की फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात त्या तुकडीची युद्धदैनंदिनी मागायची. लुडविग्सबुर्गला नाझी गुन्ह्यांच्या तपासासाठी १९५८ मध्ये कार्यालय उभं राहिलं. तिथल्या सूचीत माणसाच्या नावाबरोबर गाव आणि तुकडी यांवरूनही शोधता येतं, म्हणून नाव नाही सापडलं तरी थांबू नका. मात्र हत्याकांडाच्या दिवशी तुकडी त्या गावात होती, म्हणजे वडीलही होतेच असं ठरत नाही. ते इस्पितळात असतील, रजेवर असतील. उलटंही खरं: ते 'नुसते स्वयंपाकी होते' ही घरातली गोष्ट युद्धानंतर तयार झालेली असू शकते.

नाझी पक्षाच्या सदस्यपत्रात तारीख सगळ्यात जास्त बोलते. ३० जानेवारी १९३३ च्या, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या, आधी आलेला माणूस सत्ता नसताना आला. मे १९३३ मध्ये भरती जवळजवळ थांबवली आणि १९३७ मध्ये पुन्हा खुली केली, त्यामुळे १ मे १९३७ ही तारीख फार जणांच्या पत्रावर दिसते. पत्र सापडलं नाही म्हणजे सदस्य नव्हता असं नाही. सूची पूर्ण शिल्लक नाही.

माझ्या मते सगळ्यात फसवी ती युद्धानंतर अमेरिकी ताब्यात असलेल्या विभागातल्या श्प्रुखकामरची, म्हणजे नाझीमुक्तीच्या न्यायमंडळाची, फाइल. मार्च १९४६ च्या कायद्याने माणसांचे पाच वर्ग केले. त्यातला 'मिटलॉयफर', म्हणजे नुसता मागोमाग गेलेला, हा शिक्का असंख्य लोकांना मिळाला. फाइलमध्ये शेजारी, पाद्री, जुने सहकारी यांची पत्रं असतात, 'हा सज्जन माणूस' असं सांगणारी. लोक त्यांना 'पेर्सिल' या साबणाच्या पावडरीवरून 'पेर्सिलशाइन', म्हणजे माणसाला धुऊन स्वच्छ करणारा दाखला, म्हणत. कुणी कुणाला पत्र दिलं ते जरूर टिपून ठेवा, पण त्यावरून वडिलांना निर्दोष ठरवू नका. १ जानेवारी १९१९ नंतर जन्मलेल्यांना तर तरुण म्हणून १९४६ मध्ये माफी मिळाली. त्यांच्या बाबतीत फाइल नसणं काहीच सांगत नाही.

आणि आईच्या बाजूचं गुपित असेल तर जन्मनोंद कार्यालयात छोटा दाखला घेऊन परतू नका. मूळ नोंदीची, समासासकट, प्रमाणित प्रत मागा. पितृत्व मान्य केलं, दत्तक दिलं, नाव बदललं, हे अनेकदा त्या समासातच लिहिलेलं असतं. जन्मनोंदी ११० वर्षं बंद असतात, पण थेट वंशजाला त्या आधीही मिळतात. लेकीला तो हक्क आहे.