तारीख बघा: ‘द सिम्पसन्स’ची भाकितं तपासताना

(पडद्यावर: बातम्या देणारा पिवळ्या रंगाचा निवेदक, आमच्या चित्रकाराचं रेखाटन. त्याच्या खांद्यामागची चौकट अजून रिकामी.)

2020 च्या मार्चमध्ये हा माणूस कितीतरी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हजेरी लावून गेला. नाव केंट ब्रॉकमन. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतला वृत्तनिवेदक. मागच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत ‘कोरोना व्हायरस’, आणि सोबत दावा असा की, या मालिकेने हे सगळं 1993 सालीच सांगून ठेवलं होतं.

चित्र खोटं आहे. पण नुसतं ‘फेक’ म्हणून पुढे सरकण्यात मजा नाही. ते कसं बनवलं, ते बघू.

6 मे 1993 ला या मालिकेचा एक भाग प्रसारित झाला. जपानमधल्या ओसाकाच्या कारखान्यात ज्यूसर खोक्यांत भरले जात असतात, एक आजारी कामगार खोक्यात खोकतो, आणि ती खोकी टपालाने अमेरिकेत पोचली की अख्खं स्प्रिंगफील्ड गाव अंथरुणाला खिळतं. साथीचं नाव ‘ओसाका फ्लू’. हा भाग लिहिणाऱ्यांपैकी एक बिल ओकली. त्यांच्या डोक्यात होती 1968 ची हाँगकाँग फ्लूची साथ. म्हणजे पंचवीस वर्षं जुनी बातमी.

ब्रॉकमनची ती चौकट मात्र या भागातली नाहीच. ती आली 21 नोव्हेंबर 2010 ला प्रसारित झालेल्या वेगळ्याच भागातून. मूळ चित्रात चौकटीत मांजरांवरून केलेली एक शाब्दिक कोटी होती. कुणीतरी ती पुसली, तिथे ‘कोरोना व्हायरस’ लिहिलं, आणि दोन्ही भागांची चित्रं शेजारी-शेजारी चिकटवली. तारीख एका भागाची, चौकट दुसऱ्याची, अक्षरं तिसऱ्याच कुणाची.

आणि त्या 2010 च्या भागाची गोष्ट काय आहे? प्रसारमाध्यमांतली बडी मंडळी गुपचूप एकत्र जमतात आणि लोकांना घाबरवायला एक खोटी साथ रचतात. त्याच भागातलं चित्र पुढे खोट्या फॉरवर्डला वापरलं गेलं. हा विनोद लेखकांना जाणूनबुजून जमला नसता.

(पडद्यावर: पाच जणांच्या कुटुंबाची नुसती काळी आकृती, सोफ्यावर बसलेली.)

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅट ग्रोनिंग यांनी घडवलेलं हे कुटुंब 1987 मध्ये दुसऱ्या एका कार्यक्रमात दीड-दोन मिनिटांच्या तुकड्यांतून दिसू लागलं. 17 डिसेंबर 1989 पासून फॉक्स वाहिनीवर त्यांची स्वतःची मालिका सुरू झाली. बाप होमर अणुऊर्जा प्रकल्पात नोकरीला, आळशी आणि खादाड. आई मार्ज, उनाड बार्ट, हुशार लिसा, तोंडात चोखणी घेतलेली मॅगी. साडेसातशेहून जास्त भाग झाले, आणि या पोरांचं वय अजून वाढलेलं नाही.

आता सगळ्यांत गाजलेलं भाकीत. डोनाल्ड ट्रम्प.

इथे चित्र खरं आहे, भागही खरा आहे. 19 मार्च 2000. बार्टला भविष्यकाळ दिसतो, त्यात लिसा अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष झालेली असते आणि सहकाऱ्यांना सांगते, की आधीचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तिजोरीत खडखडाट करून ठेवलाय. ट्रम्प प्रत्यक्षात निवडून आले 2016 मध्ये. सोळा वर्षं आधी! अंगावर काटा यायलाच हवा.

फक्त त्या काळातली वर्तमानपत्रं उघडू नका. कारण ऑक्टोबर 1999 मध्ये ट्रम्प यांनी रिफॉर्म पार्टीकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहण्याची तयारी चालवली होती, तीही टीव्हीवर जाहीर करून. फेब्रुवारी 2000 मध्ये त्यांनी माघार घेतली. कार्टूनचा एक भाग लिहून, रंगवून पडद्यावर यायला बरेच महिने लागतात. भाग प्रसारित झाला तेव्हा विनोद थोडा शिळाच झाला होता, असं म्हणायला हरकत नाही.

याच भागासोबत एक व्हिडिओ जोडून फिरवतात. कार्टूनमधले ट्रम्प सरकत्या जिन्यावरून खाली येतायत, आणि शेजारी खरे ट्रम्प तसेच खाली येतायत. दोन्ही हुबेहूब. हुबेहूब असणारच. खरे ट्रम्प त्या जिन्यावरून उतरले 16 जून 2015 ला, उमेदवारी जाहीर करताना. कार्टूनचा तो छोटा तुकडा इंटरनेटवर आला जुलै 2015 मध्ये, खऱ्या प्रसंगानंतर तीन आठवड्यांनी. नकलेला भाकीत ठरवायला काही नको, फक्त तारीख झाकली की पुरे.

(पडद्यावर: काळा फळा. खडूने आकडे उमटत जातात.)

पुढचा दावा शास्त्राचा आहे, आणि आमचा सगळ्यांत आवडता. ‘होमर सिम्पसनने हिग्ज बोसॉन या अतिसूक्ष्म कणाचं वस्तुमान चौदा वर्षं आधी सांगितलं.’ 20 सप्टेंबर 1998 च्या भागात होमरला शोध लावण्याचं वेड लागतं आणि तो फळ्यावर काहीतरी खरडतो. फळ्यावरचं पहिलं सूत्र खरोखर हिग्ज कणाच्या वस्तुमानाचं आहे. ते सोडवून पाहिलं तर उत्तर येतं सुमारे 775 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (अशा कणांचं वस्तुमान या एककात सांगतात). जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने 4 जुलै 2012 ला जो कण सापडल्याचं सांगितलं, त्याचं वस्तुमान आहे सुमारे 125. होमर सहापटीने चुकला. शिवाय असा कण असावा हे पीटर हिग्ज आणि इतर शास्त्रज्ञ 1964 पासून म्हणत होते, म्हणजे कणाची कल्पनाही होमरची नाही.

खरी गंमत त्याच फळ्यावर, खालच्या ओळीत आहे. तिथे लिहिलंय: 3987 चा बारावा घात अधिक 4365 चा बारावा घात बरोबर 4472 चा बारावा घात.

फर्मा या गणितज्ञाचं शेवटचं प्रमेय सांगतं की असं होऊच शकत नाही. दोनापेक्षा मोठ्या घाताला हे समीकरण पूर्ण संख्यांत जुळत नाही, आणि अँड्र्यू वाइल्स यांनी ते भाग येण्याच्या काही वर्षं आधीच सिद्ध केलं होतं. मग दहा आकडे दाखवणारं साधं कॅल्क्युलेटर घ्या. डाव्या बाजूची बेरीज करा, तिचं बारावं मूळ काढा. उत्तर: 4472. नेमकं! होमरने फर्माला खोटं पाडलं?

नाही. जास्त आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर उत्तर येतं 4472.000000007 आणि पुढे काही. पण यंत्राचीही गरज नाही. शाळेत शिकलेली तीनची कसोटी आठवते? अंकांची बेरीज करायची. 3987 ची बेरीज 27, तीनने भाग जातो. 4365 ची बेरीज 18, भाग जातो. मग त्यांच्या घातांना आणि त्या घातांच्या बेरजेलाही तीनने भाग जाणारच. आता उजवी बाजू. 4472 ची बेरीज 17. भाग जात नाही. संपलं. दोन्ही बाजू सारख्या असूच शकत नाहीत.

हे चुकून झालेलं नाही. लेखक मंडळींपैकी डेव्हिड एक्स. कोहेन हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकलेले. असे जवळजवळ जुळणारे आकडे शोधायला त्यांनी कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर काही सेकंद दिसणाऱ्या फळ्यासाठी! आम्हाला विचाराल तर भाकितापेक्षा हा वेडेपणा जास्त कौतुकाचा आहे.

बाकीचे दावे पटकन. 1997 च्या एका भागात न्यूयॉर्कच्या बससहलीची जाहिरात दिसते: ठळक 9 डॉलर, शेजारी 11 सारखे दिसणारे जुळे मनोरे, एकत्र वाचलं तर नऊ-अकरा, म्हणजे 2001 च्या हल्ल्याची तारीख. चित्र खरं, पण नऊ डॉलर हा आकडा निवडला होता तो हास्यास्पद स्वस्त भाडं म्हणून. 1998 च्या एका भागात फॉक्सच्या पाटीवर ‘वॉल्ट डिस्ने कंपनीचा विभाग’ असं लिहिलेलं आहे, आणि मार्च 2019 मध्ये डिस्नेने फॉक्सचा चित्रपट-मालिकांचा व्यवसाय खरोखर ताब्यात घेतला. हे चांगलंच जुळलं. मात्र डिस्नेने एबीसी ही मोठी वाहिनी 1996 मध्येच गिळली होती, तेव्हा ‘पुढचा नंबर आपला’ हा विनोद फॉक्सवर काम करणाऱ्यांना सुचणं फार अवघड नव्हतं.

(पडद्यावर: दोन घड्याळं. एक मनगटावर, एक मनोऱ्यावर.)

साडेसातशे भाग, प्रत्येकी सुमारे बावीस मिनिटं, म्हणजे पावणेतीनशे तास. दर मिनिटाला कितीतरी विनोद, मागच्या भिंतींवरच्या पाट्यांवरही विनोद. एवढे दगड भिरकावल्यावर एखादा आंबा पडतोच. न पडलेल्या दगडांचं काय, ते कुणी विचारत नाही.

ते बघायला 19 मार्च 1995 चा भाग उत्तम आहे. (हो, ट्रम्पवाल्या भागाच्या बरोबर पाच वर्षं आधीची तारीख. योगायोग पाहिजेत तर हाही घ्या.) त्यात लिसाचं 2010 मधलं आयुष्य दाखवलंय. मनगटावरच्या घड्याळातून फोनवर बोलणारा माणूस दिसतो, आणि ‘स्मार्टवॉच आधीच सांगितलं’ म्हणून ती फ्रेम जगभर फिरते. त्याच भागात लंडनच्या बिग बेनचं घड्याळ डिजिटल झालेलं आहे. त्याच भागात तिसरं महायुद्ध होऊन गेलंय. दारूच्या गुत्त्याचा मालक लिसाच्या होणाऱ्या इंग्रज नवऱ्याला ऐकवतो, दुसऱ्या महायुद्धात आम्ही तुम्हाला वाचवलं; तो म्हणतो, तिसऱ्यात आम्ही तुम्हाला. ही फ्रेम कुणीच फॉरवर्ड करत नाही.

(पडद्यावर: पैजेचा तक्ता. काही नावं वाचता येतात.)

शेवटचा दावा आपल्या जवळचा आहे. 26 सप्टेंबर 2010 च्या भागात लिसा आणि तिचे मित्र नोबेल कुणाला मिळणार यावर पैजा लावतात. तक्त्यावर मिलहाउसने अर्थशास्त्रासाठी लिहिलेलं नाव आहे बेंग्ट होल्मस्ट्रॉम. 2016 मध्ये त्यांना ते खरंच मिळालं, ऑलिव्हर हार्ट यांच्यासोबत. लगेच सगळीकडे बातम्या आल्या.

पण त्या गोष्टीत अर्थशास्त्राचं नोबेल मिळतं कुणाला? जगदीश भगवती यांना. मुंबईत जन्मलेले, सिडनहॅम कॉलेजात शिकलेले, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अभ्यासातलं फार मोठं नाव. वर्षानुवर्षं त्यांचं नाव नोबेलच्या संभाव्य यादीत घेतलं जायचं, म्हणूनच ते लेखकांपर्यंत पोचलं असावं. भाग प्रसारित झाल्यावर दोनच आठवड्यांनी खरं नोबेल जाहीर झालं: पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि क्रिस्टोफर पिसारिडीस यांना. मिलहाउसची पैज गोष्टीत हरते आणि सहा वर्षांनी बाहेर जिंकते. गोष्टीत जिंकलेल्या भगवतींना मात्र स्टॉकहोमहून फोन आलेला नाही.