मुलाच्या होकाराला कायद्यात किंमत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीचे अकरा वाजलेत. बारा वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसून भांडी घासतोय. पाण्यात राहून राहून बोटांची टोकं पांढरी पडलीत. कुणी हटकलंच, तर मालक म्हणतो, "आईबापांनीच पाठवलंय. विचारा की त्यालाच!" आणि मुलगा मान डोलावतो.

मुलांच्या तस्करीतल्या या मान डोलावण्याबद्दल मला आज बोलायचंय.

मोठ्या माणसाच्या तस्करीत कायदा तीन गोष्टी पाहतो. त्याला आणलं, नेलं किंवा ठेवून घेतलं का, त्यासाठी बळजबरी किंवा फसवणूक झाली का, आणि हेतू शोषणाचा होता का. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत मधली अट उरतच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेल्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे माणसांची तस्करी रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, हे स्वच्छ लिहिलंय. मुलगा हसत हसत गाडीत बसला असेल, आईबापांनी उचल घेतली असेल, तरी गुन्हा पुसला जात नाही. दलालाइतकाच, शोषणासाठी मुलाला ठेवून घेणाराही त्यात अडकतो. गुन्ह्याचा प्रयत्न आणि त्यातली साथ, दोन्ही शिक्षेला पात्र ठरवायला हा प्रोटोकॉल सांगतो.

मुलांची विक्री, तस्करी आणि कर्जापोटी राबवणं थांबवण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९९ चा १८२ क्रमांकाचा करारही आहे. २०२० पर्यंत संघटनेच्या सगळ्या १८७ सदस्य देशांनी तो मान्य केला. म्हणजे कागदावर कुणाचाच विरोध नाही.

घोडं अडतं ते हेतू सिद्ध करताना. भ्यालेलं मूल आज एक सांगतं, उद्या दुसरंच. आरोपीचा वकील नेमकं तेच धरून बसतो. खटल्याचा सगळा भार त्या पोराच्या जबानीवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तिकीट कुणी काढलं, पैसे कुणाच्या खात्यात गेले, मुलाची कागदपत्रं कुणाच्या कपाटात सापडली, हे शोधणं तपास करणाऱ्यांचं काम आहे. तसं झालं नाही, तर गाडी चालवणारा तेवढा तुरुंगात जातो आणि पैसा लावणारा दुसरं मूल शोधतो.

असं मूल दिसलं, तर मालकासमोर त्याला काही विचारू नका. मान तशीच डोलेल, आणि रातोरात त्याला दुसरीकडे हलवलं जाईल. पत्ता, वेळ, काय पाहिलंत ते पोलिसांना किंवा बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या यंत्रणेला कळवा. त्याचा फोटो मात्र कुणालाही पाठवू नका.