मुलाच्या केसांत शिसं शोधताना

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं आहे ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी. आजी-आजोबांनीही ऐकावं, कारण ‘एकदा करून तर बघा’ असं सुचवणारं माणूस बहुतेक वेळा नात्यातलंच असतं.

सुचवलं जातं ते असं. मुलाच्या मानेवरचे थोडे केस कापायचे, पाकिटात घालून कुरियरनं पाठवायचे. काही आठवड्यांनी रिपोर्ट येतो. त्यात शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम, ॲल्युमिनियम, निकेल, कथील अशी पंधरा-वीस नावं आणि प्रत्येकापुढे हिरवी, पिवळी, लाल पट्टी. एखादी तरी पट्टी बहुधा लाल असते. मग सांगतात, अंगात जड धातू साठलेत म्हणून मूल बोलत नाही, ते बाहेर काढले की बोलायला लागेल.

केसांची तपासणीच का, तर सुई नाही. ज्या मुलाला दवाखान्याचा वाससुद्धा सहन होत नाही, त्याच्या आईला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तपासणी सोपी आहे हे खरंच. पण आलेल्या आकड्याचा अर्थ लावायचा म्हटलं की अडचणी सुरू होतात.

आधी हे काम कसं चालतं ते बघू. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला, अगदी कातडीलगत कापलेला तीन सेंटिमीटरचा तुकडा गेल्या तीन महिन्यांचा मानतात. पाव ग्रॅमच्या आसपास, चहाचा चमचा भरेल इतके केस लागतात. प्रयोगशाळा ते धुते, नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवते आणि तो द्रव आयसीपी-एमएस नावाच्या यंत्रात घालते. हे यंत्र उत्तम आहे, अब्जातला एक भागही पकडतं. पण त्यानं पकडलेला धातू रक्तातून केसात आला की बाहेरून केसावर बसला, हे त्याला सांगता येत नाही.

आता सोलापुरातलं एक डोकं डोळ्यांपुढे आणा. बोअरच्या जड पाण्यानं आंघोळ, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतं. रोज खोबरेल तेल, त्यावर रस्त्याची धूळ. घरात कुणी कोंड्यासाठी शॅम्पू आणला असेल तर त्यात बऱ्याचदा झिंक किंवा सेलेनियम असतं, मग रिपोर्टात तेही वर जातं आणि कुणीतरी त्यावरून आहार सुचवतं. वडील रंगखात्यात किंवा बॅटरीच्या दुकानात कामाला असतील, तर त्यांच्या कपड्यांवरची धूळ मुलाच्या उशीवर येते. मग केस आधी धुतात ना, असं कुणी विचारेल. धुतात, पण प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या पद्धतीनं. एक जुनी पद्धत ॲसिटोन, तीनदा पाणी, पुन्हा ॲसिटोन अशी आहे, कुणी नुसता डिटर्जंट वापरतं. कमी धुतलं तर बाहेरचा धातू राहतो, जास्त धुतलं तर आतलाही निघून जातो. शिशाच्या बाबतीत तर बाहेरून बसलेलं शिसं केसाला इतकं घट्ट चिकटतं की ते पूर्ण वेगळं काढणारी पद्धतच नाही.

जावळाच्या केसांचा प्रश्नही येतो. ‘जावळ राखून ठेवलंय, त्यावरून गरोदरपणातलं कळेल का?’ वर्षाच्या मुलाचं जावळ म्हणजे वर्षभराचं तेल, धूळ आणि बारशापासूनचं हळदी-कुंकू. त्यावरून पोटातल्या दिवसांचा हिशेब लागत नाही.

मग केसांची तपासणी सगळीकडेच निरुपयोगी म्हणायची का? नाही. मिथाइल मर्क्युरी, म्हणजे मासळीतून येणारा पारा, केसातल्या गंधकाला धरून बसतो आणि तिथे रक्ताच्या सुमारे अडीचशे पट साठतो. 1971-72 मध्ये इराकमध्ये पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं बियाणं लोकांनी भाकरीसाठी दळलं, तेव्हा कुणी कधी किती पारा खाल्ला हे केसांवरून काढता आलं. आर्सेनिकच्या जुन्या विषबाधेतही केसांचा उपयोग होतो. म्हणजे विष कुठलं आणि कुठून आलं हे आधीच ठाऊक असेल, तर केस साक्ष देतात. काहीच ठाऊक नसताना वीस धातू एकदम शोधायला निघालं की गोंधळ होतो.

तो किती होतो याचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन करता येईल. ‘नॉर्मल’ची वरची मर्यादा बहुधा अशी ठरवतात की शंभरातल्या पंच्याण्णव माणसांचा आकडा तिच्या आत असावा. म्हणजे धडधाकट माणसांतही प्रत्येक धातूसाठी शंभरात पाच जण लाल पट्टीत जाणार. एक धातू तपासला तर ठीक. वीस तपासले, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर वीसच्या वीस पट्ट्या हिरव्या येण्याची शक्यता 0.95 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 36 टक्के. उरलेल्या 64 टक्के निरोगी मुलांच्या रिपोर्टात किमान एक पट्टी लाल येणार, आणि तीही कुठल्याही विषाशिवाय.

शिवाय ही मर्यादा बऱ्याचदा प्रयोगशाळेची स्वतःची असते. 2001 मध्ये अमेरिकेत एकाच निरोगी माणसाचे केस वाटून सहा प्रयोगशाळांना पाठवले. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दहा पटींहून जास्त निघाला. त्याआधी 1985 मध्ये दोन निरोगी मुलींचे केस तेरा ठिकाणी पाठवून पाहिले होते, तेव्हाही असाच घोळ झाला होता. दोन दुकानांतले वजनकाटे इतका फरक दाखवू लागले तर आपण किराणा घेणार नाही.

आता जो भाग सगळ्यात चलाखीचा आहे तो. केसात पारा जास्त निघाला तर सांगतात, विष आहे. कमी निघाला तर सांगतात, मुलाचं शरीर पारा बाहेर टाकू शकत नाही, तो मेंदूत अडकलाय, म्हणून केसात कमी दिसतो. हा दुसरा तर्क 2003 च्या सुमारास पहिल्या जावळाच्या केसांवरच्या एका अभ्यासातून पुढे आला. पाऱ्याचा आकडा बाजूला ठेवून कॅल्शियम आणि इतर खनिजांच्या चढउतारावरून ‘लपलेला पारा’ ओळखण्याचे नियमही फिरतात. जास्त आला तरी विष, कमी आला तरी विष, मधला आला तरी खनिजांच्या नावानं विष. जिचं उत्तर ‘नाही’ असं येऊच शकत नाही, तिला तपासणी म्हणता येणार नाही.

लशीतल्या पाऱ्याबद्दल थोडक्यात. थायोमर्सल म्हणजे काही लशी टिकाव्यात म्हणून घालतात ते पारा असलेलं रसायन. गोवर-रुबेलाच्या लशीत ते कधीच नव्हतं. डेन्मार्कनं 1992 मध्ये आणि अमेरिकेनं 2001 पर्यंत बालकांच्या नेहमीच्या लशींतून ते काढलं, तरी ऑटिझमचं निदान होणाऱ्या मुलांची संख्या घटली नाही. गोवराच्या लशीचा संबंध जोडणारा 1998 चा लेख, तो छापणाऱ्या नियतकालिकानंच 2010 मध्ये मागे घेतला. असो.

इथपर्यंत नुकसान पैशांचं आहे. खरा धोका पुढच्या पायरीला सुरू होतो. लाल पट्टी दाखवून मुलाला ‘डिटॉक्स’ सुरू करतात, म्हणजे चिलेशन. धातूला पकडून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं देतात: डीएमएसए, डीएमपीएस, ईडीटीए. कधी आधी औषध देऊन मग लघवी तपासतात. औषध दिल्यावर कुणाच्याही लघवीत धातू वाढणारच. पण तो आकडा बिनऔषधाच्या लोकांच्या मर्यादेशी ताडतात, आणि पुन्हा लाल पट्टी. अमेरिकेतल्या विषवैद्यांच्या संघटनेनं अशी तपासणी करू नये असं स्पष्ट सांगितलेलं आहे.

ही औषधं फक्त शिसं निवडून घेत नाहीत. त्यांच्याबरोबर झिंक आणि तांबंही जातं, पांढऱ्या पेशी कमी होतात, यकृताला त्रास होतो. ईडीटीएचं काम बघायचं असेल तर रक्ततपासणीची जांभळ्या टोपणाची नळी आठवा. तिच्यात ईडीटीएच असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं म्हणून त्या नळीत रक्त गोठत नाही. सोडियम ईडीटीए शिरेतून दिलं की अंगातलं कॅल्शियम असंच बांधलं जातं, आणि कॅल्शियम कोसळलं की हृदय थांबतं. शिशाच्या विषबाधेत वापरतात ते कॅल्शियम ईडीटीए वेगळं. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा सोडियम ईडीटीए दिल्यावर दगावला. 2007 च्या एका प्रयोगात शिसं अंगात नसलेल्या उंदरांना डीएमएसए दिलं, तर त्यांच्या शिकण्यात टिकून राहणारा बिघाड दिसला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं ऑटिझमसाठी चिलेशनची ठरलेली चाचणी रद्द केली. चिलेशननं ऑटिझम सुधारतो याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

आता तुम्ही विचाराल, मग शिशाची काळजीच करायची नाही का? करायची, आणि स्वमग्न मुलाच्या बाबतीत जरा जास्तच. शिशानं ऑटिझम होतो म्हणून नव्हे. ही मुलं बराच काळ वस्तू तोंडात घालत राहतात, भिंत चाटतात, माती-पोपडे खातात, म्हणून त्यांच्या पोटात शिसं जाण्याची शक्यता जास्त. आणि अंगात लोह कमी असेल तर आतडं शिसं अधिक ओढून घेतं.

म्हणून घरात एक फेरी मारा. गिरणीच्या जुन्या चाळीतलं घर असेल तर दार-खिडक्यांचा ऑइलपेंट बघा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 90 भागांच्या आत असावं हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. पोपडे निघत असतील तर कोरडे खरवडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, आणि मुलाचं अंथरूण खिडकीखालून हलवा. विकतचा सुरमा बंद, त्यात शिशाचा सल्फाइड निघतो. शेंदूर मुलाच्या हाती लागू देऊ नका. सुटी, अति पिवळीजर्द हळद घेऊ नका, तिच्यात लेड क्रोमेटची भेसळ सापडलेली आहे. पितळी पातेल्याची कल्हई शुद्ध कथलाचीच आहे ना, हे कल्हईवाल्याला विचारा. पारा किंवा शिसं असलेली भस्मं आणि रसौषधी मुलाला ‘बुद्धी वाढते’ म्हणून देऊ नका. घरात कुणी बॅटरी, भंगार किंवा रेडिएटर झाळण्याच्या कामावर असेल तर त्यानं कामाचे कपडे बाहेरच बदलावेत, हातपाय धुऊन मगच मुलाला उचलावं.

आणि तपासणी करायची ती शिरेतल्या रक्तातल्या शिशाची. नमुना सोलापुरात घेतात, तपासायला बहुधा पुण्या-मुंबईकडे जातो. नळी कुठली लागेल हे प्रयोगशाळेला आदल्या दिवशी विचारून ठेवा, नाहीतर मुलाला दुसऱ्यांदा टोचावं लागतं. बोटाच्या टोकावरून घेतलेल्या थेंबात बोटावरची धूळ मिसळते, तसा आकडा वाढीव आला तर शिरेतून खात्री करून घ्यावीच लागते. त्याच रक्तात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघायला सांगा. सुईची भीती असेल तर डॉक्टरांना विचारून बधिर करणारं मलम तासभर आधी लावा. खुर्ची, दंडावरचा पट्टा, नळी असे फोटो दोन-तीन दिवस आधीपासून दाखवा आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्या. गर्दी आणि आवाज निम्मा त्रास देतात.

आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. पाच किंवा त्याहून जास्त असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेची संदर्भ पातळी 3.5 आहे. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना चिलेशन देण्याची शिफारस आहे ती 45 आणि त्यापुढे, तीही रुग्णालयातल्या देखरेखीखाली. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, म्हणून शिरकाव थांबवला की पुढच्या तपासणीत उतार दिसायला हवा. उतार दिसला नाही, तर घरात अजून काहीतरी राहिलंय.

निदान आणि थेरपीसाठी सिव्हिलच्या बालरोग विभागात विचारा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येणारं बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही तिथे पाठवू शकतं. केसांच्या रिपोर्टला लागणारे पैसे स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या बैठकांना घाला.

ज्यांनी चिलेशन आधीच सुरू केलंय, त्यांनी पुढचा डोस न देता बालरोगतज्ज्ञांना गाठा आणि औषधाचं पाकीट बरोबर न्या, कुठलं ईडीटीए आहे ते त्यावरच कळेल. कॅल्शियम, रक्तातल्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या. इंजेक्शन किंवा सलाईन झाल्यावर मुलाच्या हातापायांना पेटके आले, बोटं आखडली, ते तोंडाभोवती सारखं चोळू लागलं, झटका आला किंवा एकदम मलूल झालं, तर सकाळची वाट पाहू नका. थेट सिव्हिलचा अपघात विभाग गाठा, नाहीतर 108 ला फोन लावा, आणि दारातच सांगा की मुलाला चिलेशन दिलंय. न बोलणारं मूल मुंग्या आल्यात हे सांगू शकत नाही, तेव्हा हे तुम्हालाच सांगावं लागेल.